दोरीचं दुसरं टोक

जोगेश्वरी पूर्वेला, झोपड्या पाडून बांधलेल्या सात मजली इमारतींची एक रांग आहे. त्यातल्या एका इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, सुशांत घाडी आईवडिलांसोबत राहायचा. वय चाळिशीला टेकलेलं, सरकारी बँकेत नोकरी, लग्न नाही, आणि डोळ्यांना दिसत नाही. शाळेत असताना त्याला अंधार पडल्यावर दिसेनासं झालं, कॉलेजात बाजूचं दिसेनासं झालं, आणि समोरचं जे काही उरलं होतं ते नोकरी लागायच्या आत गेलं. डॉक्टरांनी हे आधीच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे घरातली रडारड एकदम झाली नाही, ती हप्त्याहप्त्याने झाली.

धावणं त्याच्या आयुष्यात उशिरा आलं. दर रविवारी सकाळी आरे कॉलनीच्या रस्त्यावर काही अंध माणसं डोळस माणसांबरोबर धावतात असं बँकेतल्या कोणीतरी सांगितलं, आणि सुशांत गेला तो बहुधा घरी बसून कंटाळा आला म्हणूनच. तिथली पद्धत साधी होती. बुटाची एक जुनी लेस, तिच्या दोन्ही टोकांना गाठ मारून केलेले दोन फास. एक फास दिसणाऱ्याच्या बोटांत, दुसरा न दिसणाऱ्याच्या. दोघांनी खांद्याला खांदा लावून पळायचं, दोघांचे हात एका लयीत पुढे-मागे. लेस ओढायची नाही, ती नुसती असते. खरं काम तोंडाचं. खड्डा, चढ, शेण, कुत्रा, समोरून येणारी बस, जे असेल ते दिसणाऱ्याने वेळेत सांगायचं आणि दुसऱ्याने ते ऐकून पाय टाकायचा.

पहिल्या रविवारी माणसं कमी पडली म्हणून अंधेरीचा केयूर सहस्रबुद्धे नावाचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा सुशांतच्या वाट्याला आला. तो स्वतः चांगला वेगवान धावपटू होता आणि तो दिवस सोडला तर त्याला हे काम करायचं नव्हतं. पण दोघांचं जमलं. केयूर फार बोलायचा, आणि या कामात तोच मोठा गुण होता. रस्ता सांगता सांगता रस्त्यावरची माणसंही सांगायचा. पुढे एक काका चाललेत, त्यांची हाफ पॅंट अशी आहे घाडी, की आज तुला दिसत नाही ते बरंच आहे. सुशांत हसायचा आणि हसताना पाय चुकायचा नाही, कारण मध्येच आवाज बदलून केयूर म्हणायचा, ‘ब्रेकर. तीन, दोन, एक.’ एक म्हटलं की सुशांतचा पाय उचलला जायचा. हे इतकं मुरलं की पुढेपुढे त्या आकड्यांचा अर्थ त्याच्या डोक्यापर्यंत जायचाच नाही, परस्पर पायात उतरायचा.

चार वर्षं असं चाललं. अर्ध्या मॅरेथॉन झाल्या. घरी टीव्हीच्या वरच्या खिळ्याला पदकं लटकली. वडील गुणाजी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बारा ठिकाणी बारा नोकऱ्या केल्या होत्या. ते पदकाला हात लावून बघायचे आणि म्हणायचे, ‘आमी गिरणीत आख्खी पाळी मशीनीमागे चालत होतंव, आमकां कोणी पदक देवक नाय.’ पण शर्यतीच्या दिवशी पहाटे डबा बांधून घेऊन पहिले तयार व्हायचे ते तेच.

दोन हजार वीसच्या जानेवारीत अर्धी मॅरेथॉन संपवल्यावर सुशांतने केयूरला तिथेच, घामेजल्या अंगाने सांगितलं की पुढच्या वर्षी पूर्ण. केयूर म्हणाला, झकास, तुझी वाट लावतो मी. दोघांनी हात मिळवले. मार्चमध्ये सगळं बंद झालं.

शर्यती रद्द झाल्या तेव्हा धावणाऱ्यांच्या ग्रुपवर जे दुःख उसळलं ते सुशांत मोबाईलच्या यांत्रिक आवाजात ऐकायचा. सकाळी उठावंसं वाटत नाही. समोर तारीखच नाही तर पळायचं कशासाठी. कोणी घरातल्या घरात पळून अंतर पुरं केलं, कोणी मोबाईलवरच्या शर्यतीत नाव घातलं आणि कुरिअरने पदक मागवलं. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, कशासाठी. सुशांतला तो प्रश्न नीट कळायचाच नाही. तो एकटा बाहेर जिन्यापर्यंत जायचा तो भिंत धरून, रस्त्यावर जायचा तो काठीने चाचपत, अर्धं पाऊल टाकत. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात तो एक क्षण त्याला फक्त आरेच्या रस्त्यावर मिळायचा. तो मिळायला शर्यत लागत नव्हती, माणूस लागत होता. आणि शर्यत गेली तशी माणसंही पांगली. वर्षानुवर्षं गाईड म्हणून येणाऱ्यांपैकी बरेचजण शर्यतीसाठीच येत होते, हे तेव्हा लक्षात आलं.

केयूर मात्र रोज सकाळी फोन करायचा. जागेवर धाव, दोरीवरच्या उड्या मार, जिने चढ. जानेवारीत होईल बघ रेस, तू तयार राहा. सुशांतने ते मनावर घेतलं. त्याने वडिलांना गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून लिफ्टच्या खोलीच्या ग्रिलपर्यंत दोघांनी नायलॉनची दोरी ताणून बांधली. तिच्यात बागेच्या पाइपाचा वीतभर तुकडा ओवला. तो तुकडा मुठीत धरून सुशांत पळायचा, तुकडा दोरीवरून घसरत जायचा. गच्ची इतकी आखूड की वेग धरेपर्यंत संपायची. दुसऱ्या टोकाला गुणाजी पालथ्या बादलीवर बसायचे आणि सुशांत जवळ आला की नाण्याने ग्रिलवर टकटक करायचे. टकटक आली की थांबायचं, वळायचं, परत.

गच्चीखाली, त्यांच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंनी डोक्यावर दणदण होते म्हणून तक्रार केली. सेक्रेटरीने स्लॅबला तडे जातील असं सांगितलं. गुणाजी त्यांच्याशी भांडले नाहीत, फक्त वेळ बदलली. बायका वाळवण घालायच्या आधी, पाणी सुटायच्या सुमाराला, मोटारीच्या आवाजात पावलांचा आवाज बुडून जाई.

जानेवारीची शर्यत मे महिन्यावर गेली. सुशांत गच्चीवर पळत राहिला. एप्रिलमध्ये गुणाजींना ताप आला, मग सुशांतला आला, मग रुक्मिणीला, त्याच्या आईला. दोघांचा उतरला. गुणाजींना तात्पुरत्या उभारलेल्या केंद्रात हलवावं लागलं. तिथे कोणाला आत सोडत नव्हते. दिवसातून एकदा फोन यायचा, तिथल्या एक बाई ऑक्सिजनचे आकडे सांगायच्या, आकडे रोज थोडे खाली. एका संध्याकाळी बाईंनी आकडा सांगितला नाही. अंत्यसंस्काराला सुशांतला जाऊ दिलं, पण जवळ जाऊ दिलं नाही. तो लांब उभा राहिला. कोणीतरी सांगितलं, झालं. त्याला काही दिसलं नव्हतं आणि हाताला काही लागलं नव्हतं. पुढे कित्येक दिवस त्याच्या मनाला ते पटलंच नाही. मे महिन्याची शर्यतही रद्द झाली. ते त्याने ऐकलं आणि सोडून दिलं.

पावसाळ्यात तो एकदा गच्चीवर गेला. पळाला. टोकाला टकटक आली नाही आणि तो ग्रिलवर आपटला. कपाळाला खोक पडली. रुक्मिणीने हळद दाबली आणि इतकंच म्हणाली, ‘आता नको जाव वर. माका तुजो आवाज खालून ऐकाक येता, आणि तेंचो येणा नाय.’ त्यानंतर दोरी गच्चीवर तशीच राहिली. तिच्यावर लोक चादरी वाळत घालू लागले.

आता सगळं काही आरेवर आलं होतं. सुशांत केयूरला फोनवर विचारायचा, सुरू झालं का काही? केयूर सांगायचा, नाही रे. पोलीस उभे असतात, हाकलतात. मग म्हणायचा, लोक चालतात थोडेफार, पण दोरी लावून खांद्याला खांदा लावून पळायला कोण देणार, अंतर राखायचंय ना. मग म्हणायचा, रस्त्याचं काम चाललंय, सगळं खोदून ठेवलंय, तुला घेऊन जाणं रिस्की आहे यार. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं असायचं. बँकेने सुशांतला घरूनच काम करायला सांगितलं होतं, आई भाजीपुरती खाली उतरायची, जग कुठवर उघडलंय हे त्याला जे कळायचं ते केयूरकडून. ग्रुप त्याने पहिल्या लाटेतच बंद करून ठेवला होता. रोज उठून कोणाचा तरी ‘श्रद्धांजली’चा मेसेज त्या यांत्रिक आवाजात ऐकवत नव्हता.

पोट सुटलं. जिना चढताना धाप लागू लागली. दिसेनासं होताना जसं व्हायचं तसंच हे होतं, रोज थोडं थोडं, आणि त्या त्या दिवशी कळण्यासारखं काही नाही.

दसरा झाला. बातम्यांत जानेवारीच्या शर्यतीचं काहीतरी आलं म्हणून सुशांतने सकाळी केयूरला फोन लावला. केयूरने लगेच घेतला. त्याचा श्वास लागलेला होता. सुशांतने विचारायच्या आतच त्याने सांगितलं की घरीच आहे, सूर्यनमस्कार घालतोय. सुशांत खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. रेस होणार म्हणतात, मग आपण कधीपासून सुरू करायचं, आरेतलं खोदकाम संपलं का, हे त्याने एका दमात विचारलं. केयूर म्हणाला, बघू, अजून तसं काही नाही, मी चौकशी करतो, तू सध्या घरातच हळूहळू...

आणि मध्येच, आवाज बदलून, म्हणाला, ‘ब्रेकर. तीन, दोन, एक.’

खुर्चीत बसल्या बसल्या सुशांतचा उजवा पाय जमिनीवरून उचलला गेला.

फोनमधून आता सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, बुटांचे आवाज, मग ते थांबलेले, मग लांबून जाणारी एक बस. केयूरचं तोंड चार वर्षांच्या सवयीने चाललं होतं. कानात सुशांतचा आवाज होता, पायाखाली आरेचा रस्ता होता, म्हणजे सुशांत बाजूला असणारच. तोंडाने आपलं काम केलं होतं.

‘घाडी,’ केयूर म्हणाला.

सुशांतने फोन ठेवला. पाय खाली ठेवायला त्याला थोडा वेळ लागला.

आईला त्याने सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. नळ बंद करून ऐकलं. केयूरला ती घरातलाच समजायची, दर चतुर्थीला त्याच्यासाठी मोदक बाजूला काढायची. ती त्याच्यावर चिडेल असं सुशांतला वाटलं होतं. तिने विचारलं, कधीपासून पळता तो? सुशांतला ते माहीत नव्हतं. त्याने ग्रुप परत उघडला आणि मागे मागे जात ऐकत राहिला. मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून आरेत माणसं पळत होती. लाटेत बंद झाली होती, परत सुरू झाली होती. केयूरच्या धावण्यावर लोकांनी अंगठे उंचावलेले होते. त्याचा वेग कधी नव्हे इतका वाढला होता. कोणी लिहिलं होतं, काय खातोस रे. आणखी कोणी एकाने, वडील जायच्या बऱ्याच आधी, विचारलं होतं, घाडी कुठे आहे, त्याला गाईड हवा असेल तर मी येतो. खाली केयूरने उत्तर दिलं होतं की त्याच्या घरी म्हातारे आईवडील आहेत, तो सध्या बाहेर पडत नाही.

हे शेवटचं सुशांतने पुन्हा ऐकलं.

दिवाळीनंतर केयूर घरी आला. न विचारता आला, कारण फोन कोणी घेत नव्हतं. रुक्मिणीने दार उघडलं, पाणी दिलं आणि आत निघून गेली. एरवी ती त्याच्यासमोर बसून त्याच्या लग्नाचं विचारायची. केयूर बराच वेळ गुणाजींबद्दल बोलला. मग सुशांतच्या समोरच्या खुर्चीतून उठून बाजूला येऊन बसला. त्या बाजूला, ज्या बाजूने तो पळायचा.

सुरुवातीला खरंच भीती होती, तो म्हणाला. माझ्या आईला दमा आहे. दोरी लावली की एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत तास दोन तास पळायचं. मी नाही म्हणू शकलो असतो, पण तुला नाही म्हणायला जमेना, म्हणून पोलिसांचं सांगितलं.

सुशांत म्हणाला, ‘हे ठीक आहे. पुढे?’

‘पुढे काय.’

‘लस घेतलीस तू जूनमध्ये. पुढचं सांग.’

‘एकटा पळालो ना रे, त्या पहिल्या दिवशी... मोकळं वाटलं. चार वर्षं मी तुझ्या वेगाने पळत होतो. बोलत पळत होतो. मला माहीतच नव्हतं माझा वेग काय आहे. रेस नव्हती, कोणी विचारत नव्हतं, तर म्हटलं थोडे दिवस. मग रोज सकाळी वाटायचं, उद्या सांगू.’

‘दुसरा एकजण तयार होता यायला.’

केयूरची खुर्ची करकरली.

‘त्याला का नाही येऊ दिलंस?’

‘तो आला असता तर तुला कळलं असतं, मी पळतोय ते.’

आत रुक्मिणीच्या हातून काहीतरी खाली ठेवलं गेलं, जोरात.

‘हेच सांगायचं होतंस,’ सुशांत म्हणाला, ‘की मला कंटाळा आला, मी नाही येत. मी दोन दिवस शिव्या घातल्या असत्या तुला. मग दुसरा शोधला असता. बाबा होते तेव्हा मी त्या गच्चीवर माकडासारखा इकडून तिकडे पळत होतो, आणि तू रोज सकाळी फोन करून मला सांगत होतास, शाब्बास.’

केयूर रडत होता हे सुशांतला श्वासावरून कळलं. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंही वाटलं नाही. शेवटी केयूरनेच विचारलं की उद्या येशील का, मी न्यायला येतो, जानेवारीला अजून वेळ आहे. सुशांतने हो म्हटलं. रागापेक्षा त्याला पळायची गरज जास्त होती. तशी ती होती याचा त्याला स्वतःचाच थोडा राग आला.

दुसऱ्या दिवशी ते आरेत गेले. तबेल्यांचा वास, झाडांखालचा गारवा, चहाच्या टपरीवरची भांडी, सगळं जागच्या जागी होतं, जणू मधे काही झालंच नव्हतं. लेस जुनीच होती. सुशांतने फास बोटात घातला आणि दोघं निघाले. केयूर नीट बोलत होता, जरा जास्तच नीट. डावीकडे खड्डा. थोडा चढ. समोरून दोन बायका. सुशांत ऐकत होता आणि त्याचे पाय ऐकत नव्हते. खड्डा डावीकडे म्हटलं की त्याचा पाय उजवीकडे जायच्या आधी क्षणभर हवेत थांबायचा, खरंच का म्हणून. रस्ता मोकळा आहे म्हटलं की तळवा आधी जमीन चाचपायचा. डोक्याने त्याने ठरवलं होतं की विश्वास ठेवायचा. पण हे डोक्यातलं काम नव्हतंच कधी.

केयूर म्हणाला, अरे मोकळा सोड ना पाय. सुशांतने सोडला. पुढे उतार लागला. केयूरने उतार सांगितला, अगदी वेळेत, आणि सुशांतने आपलं वजन मागे खेचलं, तो उतार असेल की नाही या शंकेने. पाय घसरला, लेस बोटातून निसटली आणि तो हातांवर, गुडघ्यांवर पडला. पडला तिथेच बसून राहिला. हाताला खडी लागलेली होती.

केयूर धावत मागे आला. माझी चूक, म्हणाला, मी अजून आधी सांगायला हवं होतं.

‘नाही,’ सुशांत म्हणाला, ‘तू बरोबर सांगितलंस.’

केयूरला ते कळलं. बाटलीतलं पाणी त्याने सुशांतच्या तळहातांवर ओतलं. परत जाताना दोघं चालत गेले. सुशांतने लेस धरली नाही, केयूरचा कोपर धरला, जसा कोणाही अनोळखी माणसाचा रस्ता ओलांडायला धरतात. इमारतीखाली आल्यावर त्याने केयूरला सांगितलं की आता येऊ नकोस. केयूर म्हणाला, थोडे दिवस जाऊ दे, बसेल परत. सुशांत म्हणाला, बसेलही, पण मला तेवढा वेळ नाही. तू तुझी जानेवारी पळ. छान वेग आहे तुझा.

केयूर गेला तेव्हा त्याची पावलं, डावी टाच जरा जोरात टेकणारी, बराच वेळ ऐकू येत होती. वळणाशी ती थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

आरेतलं रविवारचं धावणं चालवणाऱ्या संस्थेला सुशांतने फोन करून दुसरा गाईड मागितला. डिसेंबरात गंधाली आली. गोरेगावची, कॉलेज नुकतंच संपवलेली, जानेवारीत गाईड म्हणून धावायला मिळतं हे कुठेतरी वाचून आलेली. तिला यातलं काही येत नव्हतं. ती खड्डा सांगायची तेव्हा सुशांत त्यात असायचा. डावं-उजवं तिचंच डावं-उजवं असायचं की त्याचं, यात गोंधळ व्हायचा. एकदा ‘दादा, गाय’ इतकंच म्हणाली आणि गाय कुठे आहे ते सांगायच्या आत तिची शेपटी सुशांतच्या तोंडावर बसली. ती इतकी हसली की दोघांना थांबावं लागलं. सुशांतला हसू आलं नाही. पण त्याचा पाय तिच्याबरोबर अडत नव्हता. ती चुकायची, आणि चुकली की लगेच म्हणायची, चुकले. दम मात्र उरला नव्हता. टपरीपर्यंत जाईस्तोवर छाती भरून यायची. जो माणूस पूर्ण मॅरेथॉनची भाषा करत होता तो आता झाडाला टेकून खोकायचा, आणि गंधाली बाजूला गप्प उभी राहायची.

जानेवारी लागला आणि शर्यत पुन्हा रद्द झाली. नवी लाट. ग्रुपवर पुन्हा तेच सगळं सुरू झालं, तिसऱ्या वर्षी. या वेळी फार कोणी काही लिहिलंही नाही. दोन-तीन जण न बोलता ग्रुपमधून गेले. केयूर त्यांच्यातला एक होता.

त्या दिवशी संध्याकाळी सुशांत फोनची वाट बघत बसला. गंधाली काय सांगेल ते तो मनात आधीच ऐकत होता. घरी नको म्हणतात. पाय दुखतोय. पोलीस उभे असतात. रुक्मिणी म्हणाली, ‘पोरगी येतली मरे.’ सुशांत म्हणाला, ‘ती रेससाठी आली होती, आये.’

फोन आला नाही. सकाळी ती नेहमीच्या वेळी खाली उभी होती. आरेत पोचेपर्यंत शर्यतीचा विषय तिने काढला नाही आणि त्यानेही काढला नाही. लेस बोटात घालताना मात्र ती थांबली.

‘दादा, एक सांगू? रागावू नका.’

सुशांतने मान हलवली. लेसच्या त्या टोकावर त्याची बोटं घट्ट झाली.

‘मी रेसच्या फोटोसाठी आले होते. म्हणजे, हे चांगलं काम आहे वगैरे पण होतं, पण जास्त करून फोटो. आता रेस नाही तर मला रोज उठायला जमणार नाही. कंटाळा येतो मला. रविवारी येईन. एखादा रविवार नाहीच येणार, तर आदल्या दिवशी सांगेन की येत नाही.’

आठवड्यातून एक दिवस. त्यात पूर्ण मॅरेथॉन होत नाही, अर्धीही होत नाही. जेवढं अंग उरलंय तेवढं राखता आलं तरी पुष्कळ. सहा दिवस पुन्हा तीच खुर्ची, तीच खिडकी. सुशांतने हे सगळं एकदा मनात नीट मोजून घेतलं.

‘कंटाळा आला म्हणूनच नाही येणार ना? दुसरं काही नाही?’

‘नाही. कंटाळाच.’

‘मग आदल्या दिवशी तेच सांग. आजारी आहे वगैरे सांगू नकोस.’

‘का हो?’

‘मला चालतं ते.’

ते निघाले. धाप लवकरच लागली. मागून कोणाची तरी पावलं आली, डावी टाच जरा जोरात टेकणारी, वेगात. ती जवळ येताना मंदावली. सुशांतने मान वळवली नाही. काही क्षण ती पावलं त्याच्याच लयीत, त्याच्या मागे पडत राहिली. मग बाजूने पुढे गेली आणि पुन्हा वेग धरला.

‘निळ्या टी-शर्टवाल्यांनी हात केला तुम्हाला,’ गंधाली म्हणाली. ‘ओळखीचे आहेत?’

‘होते. पुढे काय आहे ते सांग.’

‘सरळ आहे.’

‘किती?’

‘दिसतंय तिथपर्यंत सरळच आहे.’

‘अगं, ते मला काय कळणार?’

‘अय्या, सॉरी. चुकले.’ ती बघत होती, अंदाज घेत होती. तेवढ्यात त्याचा श्वास थोडा खाली बसला. ‘एक बसस्टॉप आहे. तिथपर्यंत काही नाही. त्याच्यापुढचं मला इथून नक्की नाही दिसत.’

‘ठीक आहे,’ सुशांत म्हणाला. ‘तिथे गेल्यावर सांग.’

आणि त्याने पाय सोडले.